खोटं पोट, खरा सराव

उजव्या हाताचा तळवा छातीच्या उजव्या बाजूला, अगदी खालच्या बरगड्यांवर ठेवा. सापडली जागा? त्या बरगड्यांच्या आत तुमचं यकृत आहे आणि यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली एक हिरवट पिशवी आहे. लहानशा लांबट वांग्याच्या आकाराची. तिचं नाव पित्ताशय. लांबी साधारण ७ ते १० सेंटिमीटर आणि आत मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त. तुम्ही तूप ओतलेली पुरणपोळी खाल्ली की ही पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. तूप पचवायला ते लागतं ना!

कधीकधी या पिशवीत खडे होतात. काही वाळूच्या कणाएवढे, काही चक्क गोटीएवढे. मग पोटात अशा कळा येतात की चांगला धडधाकट माणूस कळवळतो. त्रास पुन्हा पुन्हा होऊ लागला की डॉक्टर ती पिशवीच काढून टाकतात. घाबरू नका, पित्ताशय नसलं तरी माणूस मजेत जगतो. यकृत पित्त बनवतच राहतं, फक्त ते साठून न राहता थेट आतड्यात जातं.

आता खरी गंमत. ही पिशवी काढायची कशी?

चार भोकांची करामत

पूर्वी त्यासाठी पोटावर लांबलचक चीर घ्यावी लागे. पिशवी इवलीशी, पण तिथपर्यंत सर्जनचा हात पोचायला हवा, आतलं दिसायला हवं. ती चीर भरून यायला बरेच दिवस जात. आता बहुतेक वेळा पोटाला फक्त चार बारीक भोकं पाडतात, ५ ते १० मिलिमीटर रुंदीची. पट्टी घेऊन वहीवर तेवढं वर्तुळ काढून बघा! घरातली मोठी माणसं याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात. डॉक्टर म्हणतात, लॅपरोस्कोपी.

सुरुवातीला पोटात गॅस भरतात. हो, खरंच! कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. पण हाच गॅस का? एक तर तो पेट घेत नाही. आत विजेच्या उपकरणाने बारीक रक्तवाहिन्या बंद करायच्या असतात, तिथे पेटणारा वायू कसा चालेल? दुसरं कारण आणखी छान आहे. हा गॅस रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचं काम तर आपलं शरीर जन्मल्यापासून करतंच आहे!

मग एका भोकातून दुर्बीण आत जाते. तिच्यात भिंगं, टोकाला उजेड आणि मागे कॅमेरा. उजेड आत पोचवतात काचेचे अतिशय बारीक तंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर. पंजाबमधल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर अशा तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवलं. त्यांचा तो शोधनिबंध १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला.

उरलेल्या भोकांतून फूटभर लांब दांड्याची अवजारं आत जातात. एकाच्या टोकाला चिमटा, दुसऱ्याच्या टोकाला कात्री. सर्जन पोटाकडे पाहतच नाहीत. त्यांची नजर असते समोरच्या पडद्यावर.

या पद्धतीने पित्ताशय पहिल्यांदा काढलं जर्मनीतल्या ब्योब्लिंगन गावी डॉ. एरिश म्यूए यांनी. तारीख होती १२ सप्टेंबर १९८५. पुढच्या वर्षी त्यांनी हे काम जर्मन सर्जनांच्या संघटनेपुढे मांडलं, तर कुणाला ते पटेना! पण १९९२ मध्ये त्याच संघटनेने त्यांचा मोठा सन्मान केला. आपल्या देशात हे ऑपरेशन पहिल्यांदा झालं ३१ मे १९९० रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. करणारे सर्जन होते डॉ. तेहेमटन उदवाडिया. त्याच्या कितीतरी आधी, १९७२ पासून, ते दुर्बिणीने पोटात डोकावून रोग ओळखायचं काम करत होते.

हात उजवीकडे, टोक डावीकडे!

पेशंटसाठी हे ऑपरेशन सोपं, पण करणाऱ्यासाठी भलतंच अवघड. का ते बघू.

शाळेत तरफ शिकलात ना? तरफेला एक टेकू असतो. टेकूच्या एका बाजूची दांडी खाली गेली की दुसरी बाजू वर जाते. इथे टेकू आहे पोटाची भिंत! अवजार त्या भोकात टेकलेलं असतं. त्यामुळे सर्जनने हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. हात वर उचलला की टोक खाली. जन्मभर हाताला जी सवय लागली, ती इथे उलटी करायची.

दुसरी अडचण डोळ्यांची. एक पेन घ्या, टोपण काढा. आता एक डोळा मिटा, दोन्ही हात लांब करा आणि टोपण झटकन पेनवर बसवा. हुकलं? आपले दोन डोळे एकच वस्तू जरा वेगवेगळ्या जागेवरून पाहतात आणि त्या दोन चित्रांच्या फरकातून मेंदू अंतर ओळखतो. साध्या दुर्बिणीचा कॅमेरा एकच, पडदाही सपाट. त्यामुळे पुढचं काय आणि मागचं काय, हे सर्जनना सावल्यांवरून आणि वस्तूंच्या लहानमोठ्या आकारावरून ताडावं लागतं.

तिसरी अडचण स्पर्शाची. उघड्या पोटात बोटांना लगेच कळतं की हे मऊ आहे, हे ताणलंय, इथे नाडी उडतेय. फूटभर दांडीतून यातलं फार थोडं हातापर्यंत पोचतं.

आणि पित्ताशयाच्या अगदी शेजारून जाते यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळी. कापायची असते तिला येऊन मिळणारी पित्ताशयाची छोटी नळी. मुख्य नळीला मात्र धक्काही लागता कामा नये. १९९०च्या सुमारास जगभरातले सर्जन ही नवी पद्धत भराभर शिकू लागले, तेव्हा सुरुवातीच्या काळात या मुख्य नळीला इजा होण्याचं प्रमाण वाढलं. ते सर्जन निष्काळजी नव्हते. त्यांचे हात या उलट्या जगात नवखे होते.

मग या हातांनी शिकायचं कुठे? टेबलावर झोपलेलं माणूस कुणाची तरी आई असतं, कुणाचे तरी आजोबा असतात. शिकताना चुका होणारच. पण त्या त्यांच्या पोटात व्हाव्यात, हे कुणालाच मान्य होणार नाही.

विमानवाल्यांनी दाखवलेली वाट

हा प्रश्न सर्जनांच्या आधी वैमानिकांना पडला होता. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंक नावाचा तरुण राहायचा. वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. एडविनला विमान चालवायचं भारी वेड, पण शिकायला पैसे फार लागत. त्याने काय केलं? ऑर्गनला हवा पुरवणारे भाते आणि पंप घेतले, त्यावर एक छोटं लाकडी विमान बसवलं आणि १९२९ पर्यंत असं यंत्र तयार केलं की आत बसून दांडा हलवला तर ते खऱ्या विमानाप्रमाणे डुलायचं, कलायचं. जमीन मात्र सोडायचं नाही!

सुरुवातीला ते यंत्र जत्रेतली करमणूक म्हणूनच विकलं गेलं. मग आलं १९३४ साल. अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांना टपाल पोचवण्याचं काम मिळालं आणि धुक्यात, वादळात, रात्री उडताना कित्येकांचे जीव गेले. लष्कराने लिंकला यंत्र दाखवायला बोलावलं. त्या दिवशी दाट धुकं होतं. अधिकारी म्हणाले, आज कोण येतोय! तेवढ्यात लिंकचं विमान धुक्यातून अलगद उतरलं. ढगात आणि धुक्यात फक्त काटे पाहून विमान चालवण्याचा सराव त्याने आपल्या यंत्रात केला होता. लष्कराने लगेच सहा यंत्रं घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक अशा यंत्रांवर शिकले.

मग डॉक्टर विचार करू लागले: विमान न उडवता उडायला शिकता येतं, तर पेशंटला हात न लावता ऑपरेशन का शिकता येऊ नये?

ठिपक्यांचं यकृत

इथे मदतीला आली व्हर्च्युअल रिॲलिटी, थोडक्यात व्हीआर. म्हणजे संगणकाने उभं केलेलं असं जग, ज्यात आपण पाहू शकतो, फिरू शकतो आणि वस्तू हलवूही शकतो. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड या अमेरिकी शास्त्रज्ञाने डोक्यावर घालायचा एक पडदा बनवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. आत दिसायचा फक्त रेषांनी काढलेला एक ठोकळा. पण तुम्ही डोकं वळवलं की त्याची दुसरी बाजू दिसायची! दोन डोळ्यांना दोन जरा वेगळी चित्रं दाखवायची, ही त्यामागची युक्ती तर त्याहून जुनी. इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती १८३८ मध्येच मांडली होती.

१९९३ मध्ये अमेरिकी लष्करातले सर्जन रिचर्ड सटावा यांनी ऑपरेशनच्या सरावासाठी बनवलेल्या आभासी पोटाबद्दल लिहिलं. त्या वेळचे संगणक आजच्या मानाने फार दुबळे, त्यामुळे आतले अवयव कार्टूनमधल्या चित्रांसारखे दिसायचे. तरी सुरुवात झाली.

आजच्या यंत्रात संगणक यकृत कसं बनवतो? आधी हजारो ठिपके मांडतो. शेजारशेजारचे ठिपके जोडून जाळी करतो. प्रत्येक जोडणी म्हणजे एक स्प्रिंग आहे असं मानतो आणि ती किती ताणली तर किती जोराने मागे ओढेल, याचं गणित करतो. वर रंग आणि चकाकी चढवतो. आता तुम्ही चिमट्याने एक ठिपका ओढला की शेजारचे ठिपके ओढले जातात, मग त्यांचे शेजारी. पडद्यावर दिसतं की यकृताचा कडेचा भाग मऊपणे उचलला गेला. कात्री चालवली की त्या जागच्या स्प्रिंगा तुटतात आणि जाळीचे दोन भाग होतात.

शिकणाऱ्याच्या हातात असतात खऱ्या अवजारांच्या मुठी. काही यंत्रांत त्या मुठींना छोट्या मोटारी जोडलेल्या असतात. पडद्यावरचं अवजार कशाला टेकलं की मोटार हाताला उलट दाब देते. वाटतं, खरंच काहीतरी लागलं! यातलं गणित मात्र डोकं गरगरवणारं आहे. चित्र सेकंदाला ६० ते ९० वेळा बदललं की डोळ्यांना ते सलग वाटतं. बोटं मात्र फार चोखंदळ. त्यांना फसवायचं तर सेकंदाला सुमारे १,००० वेळा दाबाचं गणित करावं लागतं. तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत संगणकाचं हे गणित शेकडो वेळा करून झालेलं असतं.

पण याचा खरंच उपयोग होतो का?

शाब्बास! विज्ञानात हा प्रश्न विचारायलाच हवा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या सर्जनांनी तो विचारला आणि २००२ मध्ये उत्तर छापलं.

त्यांनी शिकाऊ सर्जन घेतले १६. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले, आठ आणि आठ. दोन्ही गटांना नेहमीचं शिक्षण मिळालं. एका गटाने त्याशिवाय ‘मिस्ट-व्हीआर’ या यंत्रावर सराव केला. गंमत म्हणजे या यंत्रात यकृतही नव्हतं आणि पित्ताशयही! होते फक्त हवेत तरंगणारे गोळे आणि चौकोनी खोकी. चिमट्याने गोळा धरायचा, योग्य जागी न्यायचा आणि कडेला स्पर्श होऊ द्यायचा नाही.

आणखी एक महत्त्वाची अट होती. इतके तास सराव केला की झालं, असं नव्हतं. आधी अनुभवी सर्जनांकडून तोच खेळ करून घेतला आणि त्यांना किती वेळ लागतो, किती चुका होतात हे मोजलं. शिकणाऱ्याने त्या पातळीला पोचेपर्यंत थांबायचं नाही.

मग सगळ्यांनी अनुभवी सर्जन शेजारी उभे असताना खरं ऑपरेशन केलं. त्याचं चित्रीकरण झालं. चुका मोजणाऱ्यांना सांगितलंच नाही की यंत्रावर कोणी सराव केलाय आणि कोणी नाही. म्हणजे पक्षपाताला वावच नाही!

निकाल काय लागला? यंत्रावर सराव केलेल्यांनी पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचं काम २९ टक्के लवकर केलं. सराव न केलेल्या गटात पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलत्याच जागी भाजण्याची शक्यता पाचपट होती. आणि एकूण चुका? सराव केलेल्यांच्या एका ऑपरेशनमध्ये सरासरी १.१९, तर न केलेल्यांच्या एका ऑपरेशनमध्ये ७.३८.

हवेतले गोळे उचलून खऱ्या पोटातल्या चुका कमी झाल्या! कारण हातांना उलट्या तरफेची आणि सपाट पडद्याची सवय आधीच झाली होती. ऑपरेशनच्या वेळी हात कुठे जातोय याची चिंता उरली नाही आणि सगळं लक्ष पेशंटकडे देता आलं.

“म्हणजे व्हिडिओ गेम खेळू?”

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं! न्यूयॉर्कचे सर्जन जेम्स रॉसर यांनी २००७ मध्ये ३३ सर्जनांवर केलेला अभ्यास छापला. पूर्वी कधीतरी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्या सर्जनांच्या दुर्बिणीच्या कसरतींत ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि त्यांनी २७ टक्के लवकर काम संपवलं.

पण आईबाबांना हा आकडा दाखवायला धावू नका. यातून एवढंच दिसतं की दोन गोष्टी बरोबर आढळल्या. गेममुळे हात चांगला झाला, की ज्यांचे हात आधीच चपळ होते त्यांना गेम आवडले, हे यातून सिद्ध होत नाही. शिवाय ते लोक सर्जन झाले ते कित्येक वर्षं शरीरशास्त्र शिकून.

ऑपरेशनची रंगीत तालीम

आता यंत्रं गोळ्यांवर थांबलेली नाहीत. स्वीडनचं ‘लॅपसिम’ किंवा इस्रायलमध्ये तयार झालेलं ‘लॅप मेंटॉर’ यांच्यावर पित्ताशयाचं अख्खं ऑपरेशन सुरुवातीपासून शेवटपर्यंत करता येतं. रक्तवाहिनी चुकून कापली तर पडद्यावर रक्त वाहू लागतं आणि ते थांबवायलाही शिकावं लागतं. डोक्यावर चष्मा चढवला तर भोवती अख्खं ऑपरेशन थिएटर उभं राहतं.

काही ठिकाणी तर खऱ्या पेशंटच्या सीटी स्कॅनपासून त्याच्याच अवयवांचं आभासी चित्र बनवतात. स्कॅनमध्ये शरीराची एकावर एक पातळ चित्रं मिळतात. संगणक ती रचून घन आकार तयार करतो. सर्जन ऑपरेशनच्या आधीच तो चहूबाजूंनी फिरवून पाहतात: गाठ नेमकी कुठे आहे, रक्तवाहिनी कुठून वळते.

शिकवण्यासाठीही व्हीआर वापरतात. १४ एप्रिल २०१६ रोजी लंडनच्या रॉयल लंडन हॉस्पिटलमधून डॉ. शफी अहमद यांनी कर्करोगाचं एक ऑपरेशन सगळ्या दिशांना पाहणाऱ्या कॅमेऱ्याने थेट दाखवलं. फोन आणि साधा पुठ्ठ्याचा चष्मा असलेला जगातला कोणताही विद्यार्थी जणू टेबलापाशी उभा राहून पाहू शकत होता.

तरीही यंत्र सगळंच शिकवू शकत नाही. प्रत्येक माणसाचं पोट आतून थोडं वेगळं असतं. ऐनवेळी कोणता निर्णय घ्यायचा, भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आणि नर्सशी कसं बोलायचं, घाबरलेल्या पेशंटला धीर कसा द्यायचा, हे शिकायला अनुभवी गुरू लागतात. म्हणून यंत्रावर कितीही गुण मिळाले, तरी पहिल्या खऱ्या ऑपरेशनला मोठे सर्जन शेजारी असतातच. यंत्राची मोठी देणगी वेगळी आहे. सुरुवातीच्या सगळ्या अडखळत्या चुकांना त्याने जागा दिली, तीही अशी जागा जिथे कुणाला इजा होत नाही.

करून पाहा

यंत्र महाग असतं, पण अशी जागा तुम्ही घरीही तयार करू शकता. १९८० मध्ये दुर्बिणीने पहिल्यांदा अपेंडिक्स काढणारे जर्मनीचे डॉ. कुर्ट झेम यांनीही शिकणाऱ्यांसाठी सरावाचं खोकं बनवलं होतं.

काय हवं: बुटांचं झाकणवालं खोकं, खोडरबर असलेल्या दोन लांब पेन्सिली, पाच रबरबँड, एक वाटी आणि मोठ्या माणसाचा मोबाइल.

खोक्याच्या पुढच्या बाजूला तळहाताएवढ्या अंतरावर पेन्सिल जेमतेम जाईल अशी दोन भोकं पाडा. झाकणाला कॅमेरा आणि टॉर्च मावेल एवढी खिडकी कापा. कापायचं काम मोठ्यांकडून करून घ्या. आत एका बाजूला रबरबँड पसरा, दुसऱ्या बाजूला वाटी ठेवा. झाकण लावा, त्यावर मोबाइल पालथा न घालता ठेवा, म्हणजे पडदा वर आणि कॅमेरा खिडकीवर. व्हिडिओ आणि टॉर्च सुरू करा. पेन्सिली खोडरबराच्या बाजूने आत घाला. आता फक्त पडद्याकडे बघत, दोन्ही पेन्सिलींनी मिळून एकेक रबरबँड उचला आणि वाटीत टाका.

सरावाची यंत्रं प्रत्येक वेळी लागलेला वेळ आणि झालेल्या चुका टिपून ठेवतात. तुम्हीही वहीत तीन रकाने आखा: किती वेळ लागला, किती रबरबँड पडले, पेन्सिल वाटीला किती वेळा आपटली. घरात कुणाचा हात चांगला बसला असेल, तर त्यांचे आकडे वर लिहा आणि तिथवर पोचायचं ठरवा.

पहिल्या दिवशी चुकांचे रकाने भरून जातील. जाऊ देत! रबरबँडला पडल्यावर दुखत नाही. म्हणून तिथे मनसोक्त पाडा, मोजा, आणि पडायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा उचलत राहा.